आकडा बघून चेहरा बदलू नका

आई-बाबा, मुलाला टाइप वन मधुमेह आहे असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'आमचं काय चुकलं?' आजी म्हणते, गोड फार दिलंत. कुणी तर आईच्या डोहाळ्यांपर्यंत जाऊन पोचतं. यातलं काहीही खरं नाही. मुलाच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या आहेत. त्यात पेढ्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. इन्सुलिन नव्हतं तोवर अशी मुलं वाचत नसत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं गेलं, आणि तिथून या मुलांचं आयुष्य सुरू झालं. म्हणून त्या सुईची धास्ती मुलाच्या मनात घालू नका.

मला खरं बोलायचं आहे ते ग्लुकोमीटरवरच्या आकड्याबद्दल. पट्टीला रक्ताचा थेंब लावला आणि 286 आलं, तर मूल लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं. 'काय खाल्लंस? खरं सांग!' हे दोन-चारदा ऐकलं की ते शुगर तपासायचंच टाळतं, नाहीतर वहीत गुपचूप 140 लिहून मोकळं होतं. मग त्या खोट्या वहीवरून डॉक्टर डोस ठरवतात. रागावण्याची ही किंमत फार मोठी आहे.

आणि बहुतेकदा मुलाने काही केलेलंच नसतं. सर्दी-ताप असला की शुगर चढते. परीक्षेच्या ताणाने चढते. वयात येताना अंगात जे संप्रेरकांचे बदल होतात त्यांनी इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे कालपर्यंत पुरणारा डोस आज पुरत नाही. रोज एकाच जागी टोचल्याने तिथे गाठ झाली असेल, तर औषध नीट शोषलं जात नाही. पोटावर, मांडीवर हात फिरवून बघा आणि जागा बदलत राहा. मे महिन्यात गाडीत राहिलेली बाटली उष्णतेने निकामी झालेली असू शकते. एवढं सगळं तपासायचं सोडून आपण पोराची उलटतपासणी घेतो! त्यापेक्षा 'बरं झालं तपासलंस, आता काय करू या?' असं विचारा. आकडा म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे.

दोन बाबतींत मात्र ढिलाई नको. शुगर 70 च्या खाली गेली, हात थरथरले, घाम आला, मूल उगाच चिडचिडं झालं, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. दुसरं, आजारी मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुगर 250 च्या वरच राहिली आणि उलट्या किंवा पोटदुखी असेल, तर केटोन तपासा आणि रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

खाण्याचं म्हणाल तर गणपतीत सगळे मोदक खात असताना त्याच्याच ताटात काकडी वाढू नका. एका मध्यम पोळीत साधारण 15 ते 20 ग्रॅम कर्बोदकं असतात; तसा मोदकाचाही हिशेब डॉक्टरांकडून शिकून घ्या, त्याप्रमाणे इन्सुलिन द्या आणि एक मोदक सुखाने खाऊ द्या. चोरून खाल्लेल्या मोदकाला इन्सुलिन मिळत नाही.

शाळेपासून लपवू नका, हे विशेषतः मुलींच्या आईवडिलांना सांगते. लग्नाची काळजी आत्तापासून करून आठ वर्षांच्या पोरीला आजार झाकायला लावू नका. वर्गात तिची शुगर उतरली आणि बाईंना काही माहीतच नसलं, तर त्या तिला आळशी म्हणून रागावतील. सीबीएसईने 2017 पासून टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवू दिला आहे, म्हणजे मागायला लाज वाटावी असं यात काही नाही. उद्याच वर्गशिक्षिकेला भेटा, ग्लुकोजचा पुडा त्यांच्या कपाटात ठेवा, आणि तो कधी नि कसा द्यायचा ते मुलीसमोरच समजावून सांगा.