शैवलावर श्राव्यातीत ध्वनीचा उपाय

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहर व परिसरातील ४ लाखांहून अधिक नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नये, उकळूनही पिऊ नये, असे बजावण्यात आले. ईरी सरोवरात माजलेल्या मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवलाचे, यकृतास घातक असलेले विष पाण्यात उतरले होते. उकळल्याने ते नाहीसे होत नाही. पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते.

हे शैवल पृष्ठभागावर तरंगते ते पेशींतील सूक्ष्म वायुपुटिकांमुळे. नेमक्या याच मर्मावर श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेल्या व मानवी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा, आघात करता येतो. दाबातील झपाट्याच्या चढउतारांनी पुटिका चेपतात, पेशी तळाकडे जातात आणि प्रकाशावाचून त्यांची वाढ खुंटते. रसायन वापरावे लागत नाही, हा मोठाच लाभ.

शक्तीचे गणित मात्र नाजूक आहे. आघात प्रखर झाल्यास पेशी फुटून आतील विष पाण्यात मिसळते. सौम्य झाल्यास शैवल नव्या पुटिका घडवून पुन्हा वर येते. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी बाजारात मिळणारी उपकरणे प्रयोगशाळेत तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शैवल आटोक्यात आले नाही. शैवल खाऊन पाणी निवळ राखणारे डॅफ्निया हे चिमुकले जलजीव मात्र मेले. उपकरण खरेदी करणाऱ्या नगरपालिकांनी हे ध्यानी घेतलेले बरे.

ईरी सरोवरातील शैवलाचे खाद्य म्हणजे मुख्यतः मॉमी नदीतून वाहत येणारा, शेतांतील खतांचा फॉस्फरस. ध्वनीने तो उणा होत नाही.