मुदतपूर्व बाळ आणि रजाअत

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बहुधा 34 व्या आठवड्यापर्यंत साधत नाही. म्हणून आई पंपाने दूध काढते. ते नळीने बाळाच्या पोटात जाते. ‘मी बाळाला पाजलेच नाही,’ म्हणून अश्रू ढाळणाऱ्या भगिनींनो, फिकहनुसार नाकातोंडावाटे पोटात पोहोचलेले दूधही रजाअतच होय. सूरह बकराच्या 233 व्या आयतीतील मातांमध्ये आपणही आहात.

मात्र हाच नियम दुसऱ्या स्त्रीच्या दुधालाही लागू होतो. बाटलीतून दिले तरी ती दूधमाता ठरते आणि तिच्या मुलांशी निकाह हराम होतो. हनफी मतानुसार एका घोटानेही, शाफई मतानुसार पाच वेळा पाजल्याने. दूधपेढीत अनेकींचे दूध एकत्र होते. म्हणून बाळाच्या जिवासाठी असे दूध घ्यावे लागलेच, तर शक्यतो दात्रीचे नाव विचारून घरात लिहून ठेवावे. अल्लाह सर्व बाळांना आरोग्य देवो. आमीन.