बंद पडलेले व्हेप पेन : दुरुस्ती कशाची करायची?

दिसायला हायलायटर किंवा पेनड्राइव्हसारखी वस्तू. रंग चकचकीत, वास आंब्याचा, पुदिन्याचा नाहीतर कलिंगडाचा. मुलाच्या दप्तरात सापडली तरी आईवडिलांना काही वेगळे वाटत नाही. ही वस्तू म्हणजे व्हेप, म्हणजेच ई-सिगारेट. आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे, तरी ती चोरीछुपे विकली जाते आणि वस्तीतल्या तरुण मुलांपर्यंत पोचते.

ओढणाऱ्या मुलांचे दोन प्रश्न असतात. पेन बंद पडले तर चालू कसे करायचे? आणि एकदा वापरून फेकायच्या पेनापेक्षा पुन्हा भरायचे पेन परवडत नाही का? नुसते ‘वाईट आहे, ओढू नका’ म्हटल्याने हे प्रश्न संपत नाहीत. मुले उत्तर दुसरीकडून मिळवतात आणि घरात वायरी जोडून बघतात. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

पेन चालते कसे?

पेनात चार गोष्टी असतात : लिथियम-आयन बॅटरी, तारेचे छोटे वेटोळे म्हणजे कॉइल, कॉइलला लागून कापूस, आणि त्या कापसात मुरलेले लिक्विड. तोंडाने ओढले की हवेचा दाब ओळखणारा सेन्सर बॅटरी चालू करतो. कॉइल तापते आणि लिक्विडचे बारीक थेंबांचे धुके होते. ते फुफ्फुसात जाते. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तंबाखूची सवय लावणारे द्रव्य ते हेच.

बिघाड काय सांगतो?

१. लाइट मिचमिचते आणि पेन बंद होते. बहुतेक वेळा बॅटरी संपलेली असते. कधी फार लांब झुरका घेतल्यामुळेही पेन आपोआप थांबते. चार्जिंगची जागा नसलेले पेन संपले की संपले. ते उघडून बॅटरीला मोबाइल चार्जरची वायर जोडण्याचा उद्योग कोणीही करू नये. अशी बॅटरी साधारण ४.२ व्होल्टपर्यंत भरायची असते आणि साधा चार्जर ५ व्होल्ट देतो. मोबाइलमध्ये भरणे वेळेवर थांबवणारे सर्किट असते, या उघड्या बॅटरीला ते नसते. ती फुगते, तापते आणि पेट घेते. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे गॅस सिलिंडर, गाद्या आणि झोपलेली लेकरे शेजारी शेजारी असतात, तिथे हा खेळ साऱ्या गल्लीच्या जिवावर बेतू शकतो.

२. चार्जिंगची जागा आहे, पण पेन चार्ज होत नाही. पिनेत धूळ किंवा चिकट लिक्विड गेलेले असते, किंवा बॅटरीच गेलेली असते. पिनेत सुई-टाचणी घालू नये, आतल्या आत शॉर्ट होते. चार्ज होताना पेन चटका बसेल इतके तापले, फुगले किंवा त्याला गोडसर उग्र वास आला, तर भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वायर काढावी. रात्री उशाखाली किंवा अंथरुणावर चार्जिंगला लावणे तर मुळीच नको.

३. जळकी, कडू चव येते. लिक्विड संपत आले आहे आणि कोरडा कापूस करपतो आहे. अशा वेळी कॉइल जास्त तापते आणि धुक्यात फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी विषारी द्रव्ये वाढतात. ‘अजून दोन झुरके निघतील’ म्हणून ओढलेले ते दोन झुरके सर्वांत वाईट. पेन झटकून किंवा उलटे ठेवून हा दोष जात नाही.

४. लाइट लागते, पण काही येत नाही. हवेची वाट चिकट थेंबांनी बंद झालेली असते किंवा कॉइल तुटलेली असते. फेकायच्या पेनात कॉइल बदलता येत नाही.

५. लिक्विड गळते. निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते. हाताला लागले तर साबण-पाण्याने धुवावे, कपडा भिजला असेल तर काढावा. डोळ्यात गेले तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि दवाखाना गाठावा.

६. न ओढता पेन आपोआप चालू होते. सेन्सर ओला झाला की असे होते. खिशातच पेन तापते. ताबडतोब बाहेर काढून मोकळ्या फरशीवर, कपडे आणि प्लॅस्टिकपासून दूर ठेवावे. माणसे बाजूला करावीत. पेट घेतला तर लांबून भरपूर पाणी मारावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

या सहाही बिघाडांत एकच गोष्ट दिसते. फेकायचे पेन दुरुस्त व्हावे म्हणून बनवलेलेच नाही. ते चालू करण्याचा प्रत्येक घरगुती इलाज मूळ बिघाडापेक्षा धोक्याचा आहे.

फेकायचे की भरायचे?

पुन्हा भरायच्या पेनात बॅटरी चार्ज होते, कॉइल बदलता येते आणि बाटलीतून लिक्विड भरता येते. एका झुरक्याचा खर्च कमी पडतो, कचराही कमी होतो. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून फेकायची पेने विकायला बंदी आली, भरायची पेने मात्र चालू राहिली. पण तिथे पेनातल्या लिक्विडला २ मिलिलिटरची आणि निकोटिनला दर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. म्हणजे एका पेनात जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम निकोटिन.

आपल्याकडचा माल चोरटा. त्याला मर्यादा नाही आणि तपासणीही नाही. ‘५ टक्के’ लिहिलेल्या लिक्विडमध्ये दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन असते. असे १० मिलिलिटर असलेल्या पेनात ५०० मिलिग्रॅम झाले. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जाते, यावरून हिशेब करावा. लिक्विडमधले सगळेच निकोटिन अंगात जात नाही हे खरे. पण सिगारेट संपली की माणूस थांबतो, पेन मात्र दिवसभर हातात राहते. स्वस्त पडते म्हणून भरायचे पेन घेतले की झुरके वाढतात आणि वाचलेला पैसा पुढच्या बाटलीत जातो.

भरायच्या पेनासोबत घरात आणखी एक धोका येतो, तो म्हणजे लिक्विडची बाटली. वास फळाचा, रंग सरबताचा, आणि घरात रांगते मूल. थोडे लिक्विड पोटात गेले तरी लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. मूल ओकते, लाळ गाळते, पांढरे पडते, घामेजते, पेंगते किंवा त्याला झटके येतात. अशा वेळी बोटे घालून उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा, बाटली किंवा पेन सोबत घेऊन मोठ्या दवाखान्यात जावे आणि काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

बाटलीत खरोखर काय आहे, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांना फुफ्फुसाचा गंभीर आजार झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत मृत्यू ६८ होते. बहुतेकांनी गांजातील नशेचे द्रव्य असलेले लिक्विड ओढले होते, तेही बरेचदा ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या बाजारातून घेतलेले. त्यात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट या आजाराशी जोडलेले आढळले. चोरट्या मालाची बाटली बाहेरून ओळखता येत नाही.

तेव्हा हिशेब असा : भरायचे पेन खिशाला आणि कचऱ्याला हलके, पण सवयीला आणि घरातल्या लेकरांना जड. फेकायचे पेन चारही बाजूंनी तोट्याचे.

‘बिडीपेक्षा तरी बरे ना?’

बिडी-सिगारेटमध्ये तंबाखू जळते, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होते. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून ही विषे त्यात फार कमी असतात. हे खरे आहे. पण ही तुलना वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याने कधी काहीच ओढले नाही, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची तुलना बिडीशी नाही, स्वच्छ हवेशी करायची. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि या वयात निकोटिनची सवय लवकर व घट्ट बसते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही निकोटिन बाधते. आणि बिडी सुटली नाही, वर व्हेपही लागले, तर दोन्हींचा भार अंगावर पडतो.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे आणि तिची जाहिरात करणे यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मित्राची चार पेने ठेवून घे, विकून दे’ असे कोणी सांगितले तर मुलाने हे आकडे आठवावेत. मात्र सवय सोडवण्यासाठी दवाखान्यात जायला कोणीही भिऊ नये.

बंद पेन टाकायचे कुठे?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, शेकोटीत नाही, गटारात नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की बॅटरी पेटते. तो कचरा उपसणारे सफाई कामगार आणि वेचणाऱ्या बाया आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. पेन फोडू नये. तोंडाला चिकटपट्टी लावून कोरड्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावे.

सोडायचे कसे?

पाचवे शील घेतलेल्या घरात मुलाकडे पेन सापडले की लाजेने विषय झाकला जातो किंवा मारझोड होते. दोन्हींनी मूल आणखी लपवते. शांतपणे विचारावे, “किती दिवस झाले रे? सकाळी उठल्या उठल्या लागतं का?” उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय चांगलीच मुरली आहे, असे समजावे.

सोडण्याचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी पेन, बाटली, चार्जर सगळे घराबाहेर. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण : चिडचिड, झोपमोड, डोके दुखणे. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ आली की ती सहसा काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बाहेर चक्कर मारावी, कोणाशी तरी बोलावे. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, पण अठराच्या आतल्या मुलांनी आणि गरोदर बायांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा मोफत नंबर १८००-११-२३५६ आहे. तिचे एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलकडे असल्याने मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रातही विचारावे.

बंद पडलेले पेन पुन्हा चालू करायला जेवढी खटपट लागते, तेवढीच ती पेनाशिवायच्या पहिल्या तीन दिवसांसाठी करावी. हा नंबर कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.