अनिकेत आणि स्थिरमति
(एका आचार्यांची तीर्थयात्रा व नित्यक्रम)

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांपैकी एकोणिसाव्या श्लोकात दोन शब्द अगदी शेजारी शेजारी आले आहेत : ‘अनिकेत’ आणि ‘स्थिरमति’. ज्याला घर नाही आणि ज्याची बुद्धी स्थिर आहे, असा भक्त मला प्रिय आहे, असे भगवान म्हणतात. गृहस्थाश्रमी वाचक येथे सहज अडखळतो. आपल्याला तर घर आहे, मुलेबाळे आहेत, चूल आहे. मग हे लक्षण आपल्यासाठी नाहीच काय? शिवाय ज्याला राहावयास ठाव नाही त्याची बुद्धी स्थिर राहावी तरी कशी? चार दिवसांच्या प्रवासातही आपली संध्या चुकते, जप राहतो, जेवणाची वेळ टळते आणि चित्त विस्कटते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे.

ही शंका क्षुद्र नाही. तिचे उत्तर प्रथम भाष्यकारांच्या आधारे पाहू आणि मग अलीकडच्या काळातील एका संन्यासी आचार्यांच्या चरित्रात ते प्रत्यक्ष कसे उतरले, याचा विचार करू.

१. शब्दार्थ

‘निकेत’ म्हणजे निवासस्थान. श्रीमदाद्यशंकराचार्य ‘अनिकेत’ या शब्दाचा सरळ अर्थ करतात : ज्याला नेमलेले, कायमचे राहण्याचे ठिकाण नाही तो. हा अर्थ संन्याशाला यथार्थ लागू पडतो. श्रीरामानुजाचार्यांचा रोख थोडा निराळा आहे. ज्याची बुद्धी आत्म्याच्या ठायी स्थिर झाली, तो त्यामुळेच घरदारादिकांच्या ठायी आसक्त राहत नाही, म्हणून तो अनिकेत, असे ते म्हणतात. म्हणजे त्यांच्या मते दुसरे पद हे पहिल्याचे कारण आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी या शब्दाचा विस्तार करताना अभावाचे भावात रूपांतर केले : ज्याला एक घर नाही, त्याला सारे विश्वच घर होते.

हे तीन अर्थ एकमेकांना छेद देत नाहीत. पहिला देहाची स्थिती सांगतो, दुसरा मनाची आणि तिसरा त्या दोहोंचे फळ. तिन्ही एकाच आयुष्यात पाहावयाचे असतील, तर कांची कामकोटी पीठाचे आचार्य श्रीचंद्रशेखरेंद्र सरस्वती यांच्या चरित्राकडे वळावे.

२. चालता मठ

आचार्यांचा जन्म २० मे १८९४ रोजी तमिळ प्रांतातील विळुप्पुरम येथे झाला. पूर्वाश्रमीचे नाव स्वामिनाथन. १३ फेब्रुवारी १९०७ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, कलवै या गावी त्यांनी संन्यास घेतला आणि मठाच्या परंपरेप्रमाणे ते अडुसष्टावे आचार्य झाले. त्या वेळी मठाचे मुख्य ठाणे कुंभकोणम येथे होते. कावेरीच्या तीरावरील महेंद्रमंगलम या गावी काही वर्षे त्यांचे शास्त्राध्ययन झाले. १९१९ साली ते यात्रेस निघाले आणि १९३९ साली ती यात्रा पूर्ण झाली. वीस वर्षांची ही एक यात्रा!

आपल्याकडे जिला काशी-रामेश्वराची यात्रा म्हणतात, तिचा जुना विधी असा आहे की रामेश्वरी सेतूची वाळू घ्यावी, ती प्रयागला त्रिवेणीत विसर्जित करावी, तेथून गंगाजल घ्यावे आणि परत येऊन रामेश्वरास त्याचा अभिषेक करावा. तेव्हा कोठे यात्रा संपूर्ण होते. आचार्यांनी ती याच क्रमाने केली. दक्षिणेतील क्षेत्रे फिरून श्रीशैल, हैदराबाद, नागपूर व जबलपूर या मार्गाने ते १९३४ साली प्रयागला पोहोचले. सेतूची वाळू त्रिवेणीत अर्पण केली आणि तेथून काशीस गेले. काशीत पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे कलकत्ता व जगन्नाथपुरी करून ते दक्षिणेस परतले आणि १९३९ साली गंगाजलाने रामेश्वराचा अभिषेक झाला.

आगगाडीने हे सर्व दोन महिन्यांत उरकता आले असते. परंतु आचार्य जुन्या रिवाजाप्रमाणे, पायी किंवा मेण्यातून, गावोगाव मुक्काम करीत गेले. त्यांच्याबरोबर मठही चालत होता : श्रीचंद्रमौलीश्वर व त्रिपुरसुंदरी या पूजेतील देवता, वैदिक, पाठशाळेचे विद्यार्थी, गाई, गाड्या, हत्ती, उंट. ज्या गावी मुक्काम पडे, तेथील देवळाचा मंडप, धर्मशाळा किंवा एखादा गोठा हाच त्या रात्रीपुरता मठ. १९२७ च्या ऑक्टोबरात पालघाटजवळ नेल्लिचेरी येथे महात्मा गांधी आचार्यांच्या भेटीस आले, ती भेट एका गोशाळेतच झाली. आचार्य संस्कृतात बोलत होते आणि गांधीजी हिंदीत. कित्येक बाबतींत दोघांची मते भिन्न होती. तरीही भाषण तासाहून अधिक वेळ चालले आणि गांधीजींच्या सायंभोजनाची वेळ येऊन ठेपली, तरी त्यांना उठावेसे वाटेना. ज्याच्या घराला भिंतीच नाहीत, त्याच्या दारी भिन्न मताच्या पाहुण्यालाही अवघडल्यासारखे होत नाही.

३. दिवसाची घडी

आता प्रश्न असा की, ज्याचे ठिकाण रोज बदलते त्याची स्थिरता कोठे असते? ती ठिकाणात नसते, क्रमात असते. आचार्यांचा मुक्काम राजवाड्याच्या आवारात पडो वा माळरानावरच्या झाडाखाली, दिवसाची घडी तीच.

सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान, जप व ध्यान. त्यानंतर श्रीचंद्रमौलीश्वराची पूजा. हे स्फटिकाचे शिवलिंग आहे. अभिषेक, बिल्वार्चन, नैवेद्य, नीराजन असा हा विधी काही तास चाले. पूजा झाल्यावर आचार्य जमलेल्या लोकांना स्वहस्ते तीर्थ देत. त्यानंतर भिक्षा. संन्याशाने स्वतः अग्नी पेटवून अन्न शिजवावयाचे नसते. जे मिळेल ते, तेही औषधासारखे, घ्यावयाचे असते. कित्येक वर्षे साळीच्या लाह्या व दूध-दही अशा अल्प आहारावर आचार्य राहिले. दुपारी विद्वानांशी शास्त्रचर्चा, मठाचे काम आणि दर्शनास आलेल्यांची सुखदुःखे ऐकणे. सायंकाळी पुन्हा पूजा आणि पुष्कळ दिवशी प्रवचन. या प्रवचनांचा संग्रह पुढे तमिळ भाषेत ‘दैवत्तिन् कुरल्’ या नावाने सात खंडांत प्रसिद्ध झाला. मधूनमधून मौनाचे दिवस असत, आणि त्या दिवशी खुणेनेही ते काही सांगत नसत.

वर्षातून एकदा मात्र हा चालता मठ थांबे. आषाढी पौर्णिमेस व्यासपूजा करून संन्यासी चातुर्मास्याचा संकल्प करतो. येथे पक्ष हाच मास मानावयाचा असल्याने चार पक्ष, म्हणजे भाद्रपदी पौर्णिमेपर्यंत, तो एके ठिकाणी राहतो. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव जन्मतात, आपल्या चालण्याने त्यांची हिंसा होऊ नये, हे त्याचे कारण. गीतेच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. व्यासपूजेत अक्षता व लिंबे मांडून गुरुपरंपरेचे आवाहन करतात, आणि त्या मांडणीत मध्यस्थानी भगवान श्रीकृष्ण असतात. गीता सांगणारा हा संन्याशाचाही गुरू.

सहाव्या अध्यायात भगवंतांनी ज्याचा आहार-विहार, कर्म, निद्रा व जागृती मोजकी आहे त्यालाच योग दुःखनाशक होतो, असे म्हटले आहे. ‘विहार’ या शब्दाचा मूळ अर्थ हिंडणे-फिरणे. तेव्हा चालणेही योगात बसते. मात्र ते मोजके व नियमाने बांधलेले असले पाहिजे.

४. एक शंका

येथे चिकित्सक वाचक विचारील : हत्ती, उंट, गाड्या आणि एवढा परिवार बरोबर असता अनिकेतत्व राहिले कोठे? हे तर हलते घरच झाले!

शंका रास्त आहे. तिचे अर्धे उत्तर तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाच्या उपदेशात मिळते. ज्याला स्वतःसाठी काही मिळवावयाचे उरले नाही, त्यानेही लोकांना मार्गावर ठेवण्यासाठी कर्म करावे, अशी भगवंतांची आज्ञा आहे. मठाचा सरंजाम ही आचार्यांची मालमत्ता नव्हती. ती परंपरेची ठेव होती आणि तिच्यायोगे गावोगावच्या लोकांना पूजा, वेदघोष व उपदेश यांचा लाभ होत होता. परंतु हे उत्तर अर्धेच, कारण आसक्ती आहे की नाही हे वस्तू जवळ असेतो बाहेरून कळत नाही. ती हातून गेल्यावर काय उरते, यावरून कळते. आचार्यांच्या उत्तरायुष्यात ही कसोटीही पाहावयास मिळते.

५. उत्तरयात्रा

१९५४ साली त्यांनी श्रीजयेंद्र सरस्वती यांना संन्यासदीक्षा देऊन उत्तराधिकारी नेमले आणि कालक्रमाने मठाचा कारभार व पूजेचा भार त्यांच्याकडे सोपविला. स्वतः लहानशा खोलीत, कधी देवळाच्या आडोशास, राहू लागले. आणि १९७८ साली, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी, ते पुन्हा पायी निघाले. या वेळी हत्ती नव्हते, उंट नव्हते. मोजके सेवक होते आणि चालताना आधारासाठी हात ठेवावयास एक तीनचाकी सायकलगाडी होती.

आंध्र व कर्नाटक ओलांडून ते महाराष्ट्रात आले. पंढरपूर व सातारा येथे त्यांचा मुक्काम झाला. साताऱ्यास चिदंबरमच्या धर्तीवर नटराजाचे मंदिर व्हावे, ही त्यांची इच्छा. ‘उत्तर चिदंबरम’ म्हणून ओळखले जाणारे ते मंदिर आज तेथे उभे आहे. तमिळ संन्याशाने संकल्प करावा आणि कृष्णाकाठच्या मराठी मुलखात शिवाचे घर उभे राहावे! विश्वच घर होते, या ज्ञानेश्वर महाराजांच्या विवरणाला याहून बोलके उदाहरण कोणते? १९८४ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते कांचीस परतले. ८ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी देह ठेवला.

दोन यात्रा शेजारी ठेवून पाहा. पहिलीत परिवार होता, दुसरीत नव्हता. पहिलीत तारुण्याचे बळ होते, दुसरीत वार्धक्य. परंतु पहाटेचे स्नान, जप, अल्प आहार, मौन आणि येईल त्याला दर्शन व दोन शब्द, एवढे दोहोंत समान राहिले. जे गेले ते निकेत. जे राहिले ती स्थिरमति.

६. गृहस्थाने काय घ्यावे?

संन्याशाचे बाह्य आचरण गृहस्थाने उचलू नये. तो परधर्म होईल. परंतु श्रीरामानुजाचार्यांनी दाखविलेला अर्थ आपल्यासाठी पूर्णपणे मोकळा आहे. घर सोडावयाचे नाही, घराविषयीची आसक्ती सोडावयाची आहे.

नोकरी-उद्योगामुळे आज अनेक कुटुंबे गावोगाव फिरतात. नागपूरचे बिऱ्हाड भोपाळास जाते, बडोद्याचे चेन्नईस. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, जरा स्थिरस्थावर झालो की पाठ सुरू करू. घरी असता म्हणतो, यात्रेस गेलो म्हणजे देवधर्म करू. यात्रेस गेल्यावर म्हणतो, घरी परतल्यावर नेम धरू. अशा रीतीने आयुष्य सरते आणि नेम कोठेच होत नाही. आपण नेमाला ठिकाणाशी बांधले, हे याचे मूळ. त्याला वेळेशी बांधावे, म्हणजे ठिकाण बदलले तरी तो तुटत नाही.

आचार्यांनी गृहस्थांसाठी एक अगदी सोपा नियम सांगितला होता. तमिळमध्ये त्याला ‘पिडि अरिसि’, म्हणजे मूठभर तांदूळ, म्हणतात. रोज स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना प्रथम एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावी. साठलेले धान्य देवळाच्या नैवेद्यास द्यावे, आणि तो प्रसाद भुकेल्यांच्या मुखी पडावा. केवळ स्वतःसाठी शिजवून खाणारा पापच खातो, असा तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकाचा कठोर निर्णय आहे. त्यातून सुटण्याचा याहून सुलभ उपाय सापडणार नाही. ही मूठ बाजूला पडते त्या क्षणी ‘हे सारे माझे’ हा भाव तेवढ्यापुरता ढळतो. चुलीपाशी उभी असलेली गृहिणी त्या क्षणी अनिकेत असते. आणि हेच रोज, न चुकता, दहा वर्षे झाले, तर तिलाच स्थिरमति म्हणावे.

मननासाठी

(१) माझ्या नित्यक्रमातील कोणता नेम मी प्रवासातही अखंड ठेवू शकेन? तो लहान असो, पण एक निश्चित करावा.

(२) बारावा अध्याय, श्लोक तेरा ते वीस, यांचा पाठ करताना ‘अनिकेत’ या पदाशी क्षणभर थांबून आपल्या घरातील कोणती वस्तू सोडणे सर्वांत जड जाईल, याचा विचार करावा.

(३) पुढील तीर्थयात्रेहून आपण काय घेऊन येणार, यापेक्षा घरून कोणता नेम बरोबर नेणार, हे आधी ठरवावे.