दोन पाने, एक कळी

चहा आपण सगळेच पितो. सकाळी डोळा उघडला की चहा, पाहुणा दारात आला की चहा. पण हा चहा पिकतो कसा? तो कोणाच्या हातांनी खुडला जातो? हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे आमच्या मनात होते. तसा योग आला. आमचा मुलगा तमिळनाडूत कोइमतूरला नोकरीला आहे. आम्ही आणि घरची मंडळी त्याच्याकडे गेलो होतो. शनिवार-रविवारची सुट्टी पाहून तो म्हणाला, "नाना, चला, निलगिरीत जाऊन चहाचा मळा पाहून येऊ."

शनिवारी सकाळी मेट्टुपालयमला आगगाडीत बसलो. तेथून कुन्नूरपर्यंतची ही डोंगरी रेल्वे १८९९ साली सुरू झाली. चढ असा उभा, की साध्या रुळांवर चाके घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दात असलेली पट्टी बसवली आहे. इंजिनाचे दातेरी चाक त्या दातांत अडकत अडकत वर चढते. आणि गंमत अशी, की चढावर इंजिन गाडीला पुढून ओढत नाही, मागून ढकलते!

कुन्नूरला उतरलो. मळ्याकडे बसने जायचे होते. मुलगा फळे घ्यायला गेला. तेवढ्यात एक बस आली. लोक चढले, तसे आम्ही दोघेही चढलो. बसवर पाटी होती, पण ती तमिळमध्ये. आम्हाला ती अक्षरे म्हणजे नुसती वेलबुट्टी! कोणाला विचारावे, तर बोली येत नाही. बस सुटली. आम्ही हातवारे करून पुढच्या थांब्यावर उतरलो आणि धापा टाकत परत आलो. मुलगा घाबरून आम्हाला शोधत होता. म्हणाला, "अहो नाना, पाटीवर ऊटी लिहिलं होतं की!"

लिहिले होते खरे. पण आम्हाला वाचता कोठे येत होते? छत्तीस वर्षे आम्ही मुलांना अक्षरे शिकवली. रात्रीच्या वर्गातले मोठे लोक सांगत, "गुरुजी, गाडीची पाटी वाचता येत नाही. विचारायची लाज वाटते." आम्ही मान डोलवत असू. पण ती लाज कशी असते, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

दुपारी मळ्यात पोचलो. सगळा डोंगर हिरवागार. मध्ये मध्ये सावलीसाठी सिल्व्हर ओकची उंच झाडे. चहाचे झाड मोकळे वाढू दिले तर चांगले उंच होते. पण मग पाने खुडणार कशी? म्हणून ते छाटून छाटून कमरेइतके ठेवतात. फांदीच्या शेंड्याची दोन कोवळी पाने आणि एक कळी, एवढेच खुडायचे. त्याचाच चहा चांगला होतो. जून पाने घेतली तर चहाचा कस जातो. आता काही ठिकाणी कात्रीने व यंत्रानेही पाने काढतात.

खुडलेली पाने त्याच दिवशी कारखान्यात जातात. तेथे ती पसरून वाऱ्यावर सुकवतात. मग यंत्रात चुरगाळतात, म्हणजे पानांतला रस मोकळा होतो. त्याला हवा लागली की हिरवी पाने तांब्याच्या रंगाची होतात. पुढे गरम हवेने वाळवून, चाळून, दाणा आणि भुकटी वेगळी करतात. सुमारे चार ते साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. हिरवा चहा निराळ्या झाडाचा नव्हे बरं का! पाने आधीच वाफवली किंवा भाजली की ती हिरवी राहतात, एवढाच फरक.

संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी बायांची रांग लागली. ठरलेल्या वजनाहून जास्त पाने खुडली तर जास्त पैसे मिळतात. म्हणून काट्यावरचा आकडा म्हणजे पोटाचा आकडा! पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईने आपली पिशवी काट्याला लावली. आकडा पाहिला. कमरेची लहान वही काढून लिहिला. मग कारकुनाच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. सकाळचे १२ किलो, दुपारचे ९, संध्याकाळचे ११.

मुलाला तमिळ येते. त्याने विचारले, "अक्का, रोज लिहिता?" तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. ती बाई म्हणाली, "रोज. एकदा चिठ्ठीवर ११ चा १ झाला होता. मी वही दाखवली, मग त्यांनी दुरुस्त केला."

मग तिने घरची हकीकत सांगितली. तिचे आईवडील सिलोनात, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, चहाच्या मळ्यावर मजूर होते. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो भंडारनायके या दोन पंतप्रधानांनी करार केला. त्याप्रमाणे तेथली लाखो तमिळ माणसे भारतात यायची ठरली. त्यांतली पुष्कळ निलगिरीत आली. "मी तेव्हा आईच्या कडेवर होते," ती म्हणाली. "आईनं कागदावर अंगठा दिला. त्या कागदात काय लिहिलंय, ते तिला ठाऊक नव्हतं. देश बदलला, पण कागद वाचता आला नाही. म्हणून तिनं मला शाळेत घातलं. चारच यत्ता झाल्या. पण तेवढ्या पुरल्या."

आम्ही गप्प झालो. सकाळी एक पाटी वाचता आली नाही, तर आमची एक बस चुकली. तिच्या आईचे तर सगळे आयुष्य एका न वाचलेल्या कागदावर ठरले होते.

रविवारी परत निघालो. कुन्नूरच्या थांब्यावर मुलाकडून मेट्टुपालयमचे पहिले अक्षर शिकून घेतले. बस आली. आम्ही चष्मा पुसून पाटीवर ते अक्षर शोधले. सापडले! घरची मंडळी हसून म्हणाली, "या वयात पुन्हा बिगरीत बसलात की!"

बसलो खरे. मंडळी, तुम्हीही बसला आहात. त्यात लाज कसली? उद्या तुमच्यापुढे मजुरीची चिठ्ठी येईल, सोसायटीची पावती येईल. अंगठा उठवण्याआधी ती वाचा. आकडा आपल्या वहीत लिहून ठेवा.

सांगा पाहू

१. चहाचे झाड छाटून लहान का ठेवतात?
२. त्या बाईने दिवसभरात एकूण किती किलो पाने खुडली? चार किलो पानांचा एक किलो चहा धरला, तर त्यांचा किती चहा होईल?
३. चिठ्ठीवर ११ चा १ झाला, तर किती किलोचे नुकसान होते?
४. तुमच्या कामाची या आठवड्याची मजुरी वहीत लिहा. बेरीज करून शेजाऱ्याला दाखवा.