गाडीला स्टार्टचं बटण बसवणार असशील, तर हे ऐकून जा

हौस आहे तर बसव, मी नाही म्हणत नाही. पण दुकानदार सांगतो म्हणून त्या बटणाला राखणदार समजू नकोस, पोरी. बटण नुसतं 'चालू कर' म्हणतं. करायचं की नाही, ते डॅशबोर्डमागचा लहानसा डबा ठरवतो. तो तुझ्या पर्समधल्या रिमोटला हाक मारतो आणि ओळखीचं उत्तर आलं तरच रिले ओढतो. म्हणून वायरमनला पहिला प्रश्न हा विचार: रिले नेमकी कुठली वायर तोडते?

स्वस्तातल्या कामात बरेचदा फक्त सेल्फची वायर तोडतात. तुझी गाडी मॅन्युअल गिअरची. चोरानं इग्निशनच्या वायरी जोडून ती उतारावर सोडली आणि दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, की झालं. सेल्फ लागतोच कुणाला? दुसरी रिले फ्युएल पंपाच्या वायरीत घालून घे, आणि तीही हलक्या प्रतीची नको, नाहीतर घाटात गाडी बंद पडेल. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला पंप मेकॅनिकल, तिथं इग्निशन कॉइलचा करंट तोडावा लागतो.

खरी गोम मात्र पुढंच आहे. कंपनीच्या किल्लीच्या मुठीत चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवतीचं कॉइलचं कडं ती वाचतं. चिप पटली नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू होऊ देत नाही. बटण लावल्यावर कुलपात किल्ली नसते, मग वायरमन काय करतो? तुझी जादा किल्ली, नाहीतर तिची चिप, काळ्या टेपमध्ये गुंडाळून स्टिअरिंगखाली त्या कड्याशेजारी बांधून टाकतो. गाडी चालू, तू खूश, दुकानदारही खूश. आणि गाडीतलं सगळ्यात चांगलं कुलूप कायमचं उघडं! करायचंच तर त्या चिपच्या जोडणीतही रिले हवी, रिमोट ओळखल्यावरच जोडणारी. 'काही होत नाही मॅडम' असं उत्तर आलं, तर गाडी घेऊन सरळ घरी ये.

जुन्या, चिप नसलेल्या गाडीला या बटण-रिमोटच्या किटचा खरा फायदा होतो. चिपवाल्या गाडीला ती सोय आहे, सुरक्षा नव्हे. माझं मत एवढंच.

किल्लीचं कुलूप काढलं तर स्टिअरिंग लॉकही जातं. बाहेरून लावायचा लोखंडी दांडा घे. दिसायला गावठी, पण चोराला काचेतूनच दिसतो. बटणाला क्लचच्या स्विचची वायर जोडून घे, म्हणजे गिअरमध्ये असताना चुकून दाबलं तरी गाडी उडी मारणार नाही.

रिमोट दाराजवळच्या खुंटीला टांगू नकोस. एकजण दाराशी आणि दुसरा गाडीशी उभा राहून सिग्नल लांबवतात आणि गाडी नेतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव. डबा हातात घेऊन गाडीपाशी जा. दार उघडलं तर डबा बदल.

आणि कामाला हात लावण्याआधी विमा कंपनीला लेखी कळव. गाडी चोरीला गेली की ते दोन्ही मूळ किल्ल्या मागतात.