सांध्यातले सिमेंट आणि त्यातले औषध

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक गुडघा बदलून घेण्यासाठी माझ्याकडे आले. पायाच्या बोटांत चिघळलेली जखम, रक्तातली साखरही वाढलेली. ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलू या,’ मी म्हटले. ते म्हणाले, ‘डॉक्टर, सिमेंटमध्येच औषध असते ना? मग जंतूंची भीती कशाला?’

अशी समजूत अनेकांची असते, म्हणून हा खुलासा.

हे सिमेंट घरबांधणीचे नव्हे. ते एक प्रकारचे प्लॅस्टिक आहे. पूड आणि द्रव कालवले की कणकेसारखा गोळा होतो व दहा-पंधरा मिनिटांत तो दगडासारखा घट्ट होतो. कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्नली यांनी १९६० च्या सुमारास त्याचा वापर रूढ केला. पुढे १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या डॉ. बुखहोल्झ यांनी त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले.

असे का केले? धातूच्या सांध्याला रक्तपुरवठा नसतो. त्यावर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. मग गोळ्या-इंजेक्शनांचा त्यांच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. सिमेंटमधले औषध मात्र नेमके त्या जागी पाझरते. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून उष्णतेत टिकणारेच औषध लागते. प्रमाणही बेताचे : ४० ग्रॅम पुडीत साधारण अर्धा ते एक ग्रॅम. जास्त घातले तर सिमेंट कमकुवत होते.

पण लक्षात ठेवा, पाझरणाऱ्या औषधाचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच बाहेर येतो. ही राखण जन्मभराची नाही. शस्त्रक्रियेआधी शिरेतून द्यायचे इंजेक्शनही त्यामुळे टळत नाही. सांध्यात जंतुसंसर्ग झालाच, तर अनेकदा सांधा काढून जास्त औषधाच्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणा. किडलेले दात, त्वचेवरचे फोड, पायाच्या भेगा यांवर उपचार करून घ्या. तंबाखू-विडी सोडा. एखाद्या औषधाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो लपवू नका. नंतर कधीही सांधा लाल झाला, सुजला, जखमेतून पाणी आले तर घरगुती लेप लावत बसू नका, लगेच दाखवा.

आमच्या गुरुजींची जखम भरली, साखर उतरली आणि तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. परवा ते बाजाराची पिशवी घेऊन भेटले. म्हणाले, ‘थांबलो ते बरे झाले!’